साडेचौदा सेकंदांची राणी

चिंचवड स्टेशनच्या पादचारी पुलावर सकाळी साडेसातच्या सुमारास कधी उभे राहिला आहात? पुण्याहून सव्वासातला सुटलेली डेक्कन क्वीन इथं थांबत नाही. पिंपरीच्या दिशेनं भोंगा ऐकू येतो, इंजिनाचं तोंड दिसतं न दिसतं तोच पायाखालचा पूल थरारतो. सोळा डबे, एकेक डबा २४ मीटर लांब. इंजिनाचे वीसेक मीटर मिळवले की अख्खी गाडी ४०० मीटरच्या घरात जाते. वेग ताशी १०० किलोमीटर धरला, तर ती दर सेकंदाला जवळपास २८ मीटर पुढे सरकते. आता भागाकार करा. साडेचौदा सेकंदांत राणीची स्वारी नजरेआड!

ही गाडी १ जून १९३० रोजी सुरू झाली. पुणेकर प्रवासी अजूनही दर १ जूनला स्टेशनवर केक कापून तिचा वाढदिवस साजरा करतात. मग साहजिकच एक प्रश्न मनात येतो. आज जी गाडी आपल्यासमोरून जाते, तिच्यात १९३० चं नेमकं काय उरलं आहे? डबे तेच? चाकं तीच? वरची तार तरी तीच?

याचं उत्तर शोधायला कॅमेऱ्याइतकं चांगलं साधन नाही. डोळ्यांना साडेचौदा सेकंद मिळतात, पण छायाचित्राकडे तासन्‌तास पाहता येतं. नीट पाहिलं, तर त्या एका चित्रातल्या प्रत्येक वस्तूचं जन्मवर्ष वेगळं आणि जन्मगाव वेगळं निघतं. चला, ते चित्र आधी टिपू आणि मग वाचू.

पहिला अडसर सूर्याचा. सकाळची गाडी इथून साधारण वायव्येकडे, मुंबईच्या दिशेनं धावते. सूर्य पूर्वेला. म्हणजे इंजिनाचं तोंड कायम सावलीत! संध्याकाळची परतीची गाडी पुण्यात येते तोवर अंधार पडलेला असतो, त्यामुळे तिचा उपयोग नाही. मग करायचं काय? पंचांग पाहायचं. डिसेंबरात सूर्य आग्नेयेला उगवतो. साडेसातला तो जेमतेम क्षितिजावर आलेला असतो, आणि तोही बरोबर येणाऱ्या गाडीच्या पाठीशी. चित्रात गाडी काळीठिक्कर येते. मे महिन्यात मात्र सूर्य ईशान्येकडे सरकलेला असतो, सहालाच उगवून दीड तासात चांगला वर आलेला असतो. त्याचं ऊन गाडीच्या ईशान्येकडच्या, म्हणजे जुन्या मुंबई–पुणे महामार्गाकडच्या अंगावर पडतं. खिडक्या, अक्षरं, आकडे, चाकांवरचे चौकोनी खोके, सगळं लख्ख दिसू लागतं. पृथ्वीचा अक्ष कललेला आहे याचा पुरावा चिंचवडच्या पुलावर एका गाडीच्या अंगावर मिळतो!

उभं राहायचं ते पुलावर किंवा फलाटावर, पिवळ्या रेषेच्या आत. रुळांत उतरणं हा गुन्हा आहे आणि जिवाशी खेळही. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. तिला शिवायचीही गरज नसते, तिच्या फार जवळ गेलं तरी वीज हवेतलं अंतर ओलांडून झेपावते.

दुसरा अडसर वेगाचा. सेकंदाच्या एक हजाराव्या भागात ही गाडी पावणेतीन सेंटिमीटर पुढे सरकते, अडीचशेव्या भागात ११ सेंटिमीटर. आजचा कॅमेरा हजाराव्या भागाचा वेग सहज गाठतो. पण १९३० मधल्या छायाचित्रकाराचं काय? त्याच्या हातातली फिल्म फारच मंद होती. शटर सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास उघडं ठेवावं लागलं, तर तेवढ्या वेळात गाडी वीत-दीड वीत पुढे जाई. मग त्या काळची रेल्वेची इतकी रेखीव चित्रं निघाली कशी?

त्यांनी भूमितीची मदत घेतली! गाडी समोरून आडवी जात असेल, तर तिचा सगळा वेग फिल्मवर उमटतो. पण ती जवळजवळ अंगावर येत असेल, नजर आणि रूळ यांच्यात पंधरा अंशांचाच कोन असेल, तर फिल्मवर आडवा सरकणारा वेग एक चतुर्थांशावर येतो. इंजिनाचं तोंड मोठं आणि मागे डब्यांची निमुळती होत गेलेली रांग, अशी जी चौकट जगभरातल्या रेल्वेचित्रांत पुन्हा पुन्हा दिसते, ती अशी मंद फिल्मच्या अडचणीतून रुळली. आज अडचण संपली, पण चौकट टिकून राहिली.

वेगाची गोष्ट निघाली आहे तर चाकांकडेही पाहू. सोळा डब्यांखाली १२८ चाकं असतात. ताशी १०० किलोमीटरनं धावणाऱ्या गाडीच्या चाकाचा जो बिंदू त्या क्षणी रुळाला टेकलेला असतो, त्याचा वेग किती असेल? शून्य! चाक घसरत नाही, गडगडत जातं, म्हणून टेकलेला बिंदू त्या क्षणापुरता रुळावर स्थिर असतो. आणि चाकाचा माथा? तो ताशी २०० किलोमीटरनं पुढे झेपावत असतो. जुन्या, आरे असलेल्या चाकांच्या चित्रांत हे स्पष्ट दिसतं. खालचे आरे रेखीव, वरचे पुसट.

याहून मोठं नवल पुढेच आहे. चाकाच्या आतल्या बाजूला एक कड असते. ती रुळाच्या माथ्याखाली बोटभर, साधारण २८ मिलिमीटर उतरलेली असते आणि तीच गाडीला रुळावरून उतरू देत नाही. ती टेकणबिंदूच्याही खाली असल्यामुळे तिचा सर्वांत खालचा भाग प्रत्येक क्षणी मागे जात असतो, ताशी सहा किलोमीटरच्या आसपास. राणी मुंबईकडे धावत असते, आणि तिच्या १२८ चाकांचा एकेक तुकडा चालत्या माणसाच्या वेगानं पुण्याकडे परतत असतो!

आता चित्र वाचायला घेऊ. त्यातली सर्वांत जुनी गोष्ट कोणती? लोखंड नव्हे, ते तर बदलत आलं आहे. सर्वांत जुनं आहे ते दोन रुळांमधलं अंतर. साडेपाच फूट, म्हणजे १६७६ मिलिमीटर. इंग्लंडात रुळांमधलं अंतर चार फूट साडेआठ इंच असताना हिंदुस्थानसाठी त्याहून रुंद मार्ग ठरला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली ती याच अंतरावर. १४ जून १८५८ रोजी खंडाळा ते पुणे मार्ग उघडला तोही याच अंतरावर. म्हणजे चिंचवडमधून आगगाडी जाऊ लागली तेव्हा बोरघाटातली रेल्वे तयारच झाली नव्हती! ती झाली १८६३ मध्ये. मधली पाच वर्षं मुंबईहून पुण्याला निघालेला प्रवासी घाटाच्या पायथ्याशी गाडीतून उतरे, पालखीतून किंवा तट्टावरून घाट चढे आणि खंडाळ्याला दुसऱ्या गाडीत बसे.

तो घाट चढायला काय लागतं, हे आकड्यांत पाहिलं की छाती दडपते. उंची १,८३१ फूट. चढ सर्वांत तीव्र आहे तिथं ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. आठशे-साडेआठशे टनांची गाडी एवढ्या उंचीवर न्यायची तर जवळपास १,३०० युनिट ऊर्जा लागते, आणि हा हिशेब निव्वळ उचलण्याचा. घर्षण, वारा आणि इंजिनातली गळती वेगळीच. याउलट, तीच गाडी सपाटीवर ताशी १०० किलोमीटरनं धावत असताना तिच्या वेगात साठलेली ऊर्जा असते सुमारे ९० युनिट. एखाद्या लहान कुटुंबाच्या महिन्याच्या वीजबिलाएवढी! वेग स्वस्त असतो, उंची फार महाग पडते.

डेक्कन क्वीनचा जन्म या महागाईवरच्या उपायातून झाला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत पहिली विजेवरची गाडी धावली. हा मार्ग चालवणाऱ्या जी. आय. पी. रेल्वे कंपनीनं कल्याणजवळ चोळा इथं स्वतःचं वीजघर उभारलं आणि १९२९-३० पर्यंत विजेची तार घाट चढून पुण्यापर्यंत आली. पूर्वी घाटात मध्येच थांबून गाडीची दिशा उलटवावी लागे. १९२९ मध्ये नवा मार्ग काढून तेही संपलं. लगेच पुढच्या वर्षी राणी अवतरली, पहिल्या दिवसापासून विजेच्या इंजिनामागे.

चित्रातली वरची तार पाहा. तिच्या जाडीवरून तुम्हाला चित्राचा काळ सांगता येईल! त्या काळी तारेत १,५०० व्होल्ट असत, आज २५,००० असतात. फरक केवढा पडतो? आजच्या प्रवासी गाड्यांवर दिसणारं डब्ल्यूएपी-७ इंजिन सहा हजारांहून अधिक अश्वशक्तीचं आहे. तेवढी शक्ती १,५०० व्होल्टवर घ्यायची तर तारेतून ३,००० अँपिअर प्रवाह ओढावा लागेल. २५,००० व्होल्टवर १८० अँपिअर पुरतात. तार तापून वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून त्याच तारेत हे नुकसान पावणेतीनशे पटींहून अधिक घटतं. म्हणूनच जुन्या चित्रांत इंजिनावर जाडजूड, भारदस्त तारांचं जाळं दिसतं आणि आजच्या चित्रात एक सडपातळ तार. मुंबईतली शेवटची १,५०० व्होल्टची लोकल एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावर धावली आणि तो काळ संपला.

आता इंजिनं. सुरुवातीला राणीला ओढणाऱ्या इंजिनांचा वर्ग होता ईए-१. त्यांतलं ‘सर रॉजर लम्ले’ हे इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभं आहे. नावावरून लगेच एक धागा हाती लागतो. लम्ले मुंबईचे गव्हर्नर झाले १९३७ मध्ये. म्हणजे इंजिनाच्या अंगावरची ही पाटी त्याच्या जन्मानंतर कैक वर्षांनी बसली! जुन्या छायाचित्रात ही पाटी दिसली, तर ते चित्र १९३७ च्या आधीचं असूच शकत नाही. एका पितळी पाटीनं दशक पक्कं होतं.

त्याच संग्रहालयात बोरघाटाचं आणखी एक इंजिन आहे, ‘सर लेस्ली विल्सन’. १९२५ मध्ये पहिल्या विजेच्या गाडीचं उद्घाटन करणाऱ्या गव्हर्नरांचं हे नाव. या इंजिनाचा वर्ग मालगाड्यांसाठी आणि घाटात गाड्यांना रेटण्यासाठी होता. पुढे-मागे लांब नाकाडं, मध्ये केबिन, चाकांना जोडणारे दांडे. रेल्वेतली माणसं त्याला खेकडा म्हणत. या खेकड्याला १९२८ सालीच एक विद्या अवगत होती. घाट उतरताना त्याच्या मोटारी उलट्या भूमिकेत जात आणि वीज निर्माण करून तारेत परत सोडत. ती वीज त्याच वेळी घाट चढणाऱ्या दुसऱ्या गाडीला मिळे. उतरणाऱ्या गाडीनं चढणाऱ्या गाडीला हात द्यायचा! मघाशी आपण १,३०० युनिट महागाईचा हिशेब केला, त्यातला काही भाग असा वसूल होई. आज विजेच्या मोटारींच्या जाहिरातींत जे तंत्र मिरवतं, ते लोणावळ्याजवळच्या डोंगरात शंभर वर्षांपूर्वी रोज कामाला होतं.

या इंजिनांचे जन्मदाखले तपासताना एक योगायोग समोर येतो. पहिले दहा खेकडे बनले स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूर गावी. आज दिसणाऱ्या डब्ल्यूएपी-७ चं तंत्र १९९० च्या दशकात भारतात आलं ते झुरिकच्या एबीबी कंपनीकडून. राणीला १९६६ मध्ये मिळालेल्या पोलादी डब्यांचं मूळ आरेखन होतं श्लीरेन गावच्या कारखान्याचं. विंटरथूर, झुरिक आणि श्लीरेन ही तिन्ही ठिकाणं एकाच झुरिक प्रांतातली, एकमेकांपासून तीसेक किलोमीटरच्या आतली! अर्थात या सगळ्यांत भारतीय कारागिरीचा वाटा वाढतच गेला. १४ ऑक्टोबर १९६१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते चित्तरंजनच्या कारखान्यातून देशात बनलेलं पहिलं विजेचं इंजिन बाहेर पडलं. त्याचं नाव होतं ‘लोकमान्य’. पुण्याच्या गाडीपुढे लावायला याहून शोभणारं नाव कुठून आणणार?

आता डब्यांकडे वळू. १९३० मध्ये राणीचे दोन रेक, म्हणजे डब्यांचे दोन संच होते, प्रत्येकी सात डब्यांचे. एक चंदेरी, त्यावर लालभडक पट्ट्या. दुसरा गडद निळा, त्यावर सोनेरी रेघा. डब्यांचे सांगाडे इंग्लंडात बनले आणि त्यांवरच्या खोल्या मुंबईत, माटुंग्याच्या कारखान्यात. म्हणजे सांगाडा वेगळा आणि वरचं घर वेगळं. सगळा भार खालच्या सांगाड्यावर. अपघातात या रचनेचा घात होई. एका डब्याचा सांगाडा दुसऱ्यावर चढे आणि वरचं घर कापत आत घुसे.

१९६६ मध्ये पेरांबूरच्या कारखान्यातले डबे आले, तेव्हा विचारच बदलला होता. सांगाडा, भिंती, छप्पर सगळं एकत्र जोडलेलं पोलादी कवच. अंड्याच्या पातळ टरफलानं मुठीचा दाब सगळीकडे वाटून घ्यावा, तसा या डब्याचा भार भिंती आणि छप्परही वाहतं. डब्यांची टोकं अशी रचली, की धडक झाली तर आधी तीच चेपावीत आणि प्रवाशांची जागा शाबूत राहावी. रेकमध्ये सातांचे बारा डबे झाले, पुढे सतरापर्यंत गेले.

तिसरी पिढी २२ जून २०२२ ची. हे एलएचबी डबे. आरेखन जर्मनीतल्या लिंके-हॉफमन-बुश या कंपनीचं, कवच स्टेनलेस स्टीलचं, खालच्या बोग्या, म्हणजे चाकांच्या चौकटी, फियाटच्या आरेखनाच्या. छायाचित्रात हे डबे ओळखायचे कसे? दोन डब्यांच्या मधली फट पाहा. जुन्या डब्यांना दोन्ही कडांना गोल तबकड्यांचे बफर आणि मध्ये पिळून घट्ट करायचा स्क्रू असे. नव्यांना बफर नाहीत. मध्ये एकच भक्कम कपलर, दोन पंजे एकमेकांत अडकल्यासारखा. तो अपघातात एका डब्याला दुसऱ्यावर चढू देत नाही. चाकांवर दाबले जाणारे जुने ब्रेकही गेले, आता धुरीवर डिस्क ब्रेक आहेत. चाकणच्या कारखान्यांतून मोटारी बाहेर काढणाऱ्या आपल्या वाचकांना ती तबकडी लगेच ओळखू येईल.

धुरीच्या टोकाशी असलेला खोका तर पिंपरी-चिंचवडकरांच्या खास जिव्हाळ्याचा. भारतात रोलर बेअरिंगचे डबे पहिल्यांदा धावले ते याच गाडीला! त्याआधी काय होतं? धुरीचं टोक एका धातूच्या अस्तरावर टेकलेलं असे आणि खाली तेलात भिजलेल्या सुताचा बोळा. गाडी धावत असली की धुरीभोवती तेलाचा पातळ थर तयार होई आणि धातू धातूला लागत नसे. पण गाडी थांबली की थर निसटे आणि धातू धातूवर बसे. म्हणून गाडी चालू करताना तिला हलवणं सर्वांत कठीण. तेल कमी पडलं तर खोका तापून पेटण्याची वेळ येई. रोलर बेअरिंगमध्ये घासण्याची जागा गडगडण्यानं घेतली. स्टेशनात उभी असलेली गाडीही थोड्या जोरात हलू लागते. नेमक्या १९३० सालीच अमेरिकेत टिमकेन कंपनीनं रोलर बेअरिंग लावलेलं एक अवाढव्य वाफेचं इंजिन गावोगाव फिरवलं. काही माणसं दोर धरून ते हातांनी ओढून दाखवत! आणि आज राणी ज्या चिंचवडमधून सुसाट जाते, तिथं १९६० च्या दशकापासून एसकेएफचा बेअरिंगचा कारखाना आहे. ज्या गावातून ती गाडी रोज जात होती, ते गाव पुढे बेअरिंगचं गाव झालं!

काही गोष्टी मात्र फिरून मूळ जागी येतात. डब्यांतले दिवे-पंखे चालवायला वीज कुठून आणायची? पूर्वी राणीच्या गाडीत ती एका टोकाच्या डब्यात तयार होऊन सगळीकडे जाई. मग सुधारणा झाली. प्रत्येक डब्याखाली जनित्र बसलं आणि ते चाकांवर फिरून ११० व्होल्टची वीज देऊ लागलं. २०२२ च्या एलएचबी रेकमध्ये पुन्हा टोकाला जनरेटरचा डबा आला! आता तर अनेक गाड्यांत तो जनरेटरही शांत असतो. इंजिन वरच्या तारेतून वीज घेतं आणि सगळ्या डब्यांना पुरवतं. तंत्रज्ञानाची वाट सरळ पुढे जाते असं आपल्याला वाटतं, पण एखादी टाकून दिलेली कल्पना परिस्थिती बदलली की पुन्हा सर्वांत शहाणी ठरते.

आता हे सगळं ज्ञान घेऊन घरातला जुना अल्बम उघडा. आजोबांनी काढलेला गाडीचा फोटो आहे, तारीख नाही. डबे मोजा. सातच आहेत? मग १९६६ च्या आधीचा असण्याची दाट शक्यता. मलईच्या आणि निळ्या रंगावर खिडक्यांच्या वर लाल पट्टा? ते अलीकडच्या दशकांतलं रूप. डब्यावर तिसऱ्या वर्गाची खूण? राणीत जून १९५५ पर्यंत तिसरा वर्गच नव्हता आणि एप्रिल १९७४ पासून त्याला दुसरा वर्ग म्हणू लागले. म्हणजे फोटो या दोन टोकांच्या मधला. पहिली पंचवीस वर्षं ही गाडी फक्त वरच्या वर्गांची होती. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहत होती, त्याच सुमारास तिचे दरवाजे सामान्य प्रवाशाला उघडले, हे त्या एका खुणेवरून समजतं.

डब्यावरचा क्रमांक वाचता आला तर मग बघायलाच नको. अलीकडच्या डब्यांत त्यातले पहिले दोन आकडे डबा कोणत्या वर्षी बनला ते सांगतात. आजच्या दर डब्याच्या अंगावर त्याचं जन्मवर्ष रंगवलेलं असतं, आणि आपण रोज त्याच्या शेजारून चढतो-उतरतो!

कृष्णधवल चित्रात एका गोष्टीची फार काळजी घ्या. त्या काळी सर्रास वापरात असलेल्या एका प्रकारच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे आणि निळा जास्तच दिसे. परिणाम उलटा! चंदेरी डब्यावरच्या लालभडक पट्ट्या काळ्याकुट्ट येणार आणि गडद निळा डबा फिकट राखाडी. फिकट दिसला म्हणून चंदेरी रेक समजलात तर फसलात. पट्ट्या पाहा. त्या काळ्या असतील तर तो चंदेरी रेक असण्याची शक्यता जास्त. रंगहीन चित्रातूनही रंग शोधून काढता येतो, फक्त फिल्मचा स्वभाव ठाऊक हवा.

मग सुरुवातीच्या प्रश्नाचं काय? १९३० चं आज काय उरलं? डब्यांची तिसरी पिढी आली, इंजिनांच्या पिढ्या गेल्या, तार गेली, बफर गेले, रंग गेले. पण एक डबा पाहा, ज्याच्या खिडक्यांतून मांडलेली टेबलं दिसतात. उपाहारगृहाचा डबा. इतर गाड्यांतून तो जवळपास नाहीसा झाला, इथं मात्र प्रत्येक नव्या रेकमध्ये त्याला पुन्हा जागा मिळाली. २०२२ मध्ये रेक बदलला, तेव्हाही नव्या रूपाच्या आखणीत अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेला सामील करून घेतलं आणि जेवणाचा डबा कायम राखला. कारण प्रवाशांनी तो सोडू दिला नाही. एकही जुना स्क्रू न उरताही गाडी तीच राहते, ती अशी. सकाळी निघून कामावर पोचवायचं आणि संध्याकाळी घरी आणायचं हा शब्द पाळला जातो, टेबलावर नाश्ता मांडला जातो, आणि कितीतरी नव्या युक्त्या आधी याच गाडीवर करून पाहिल्या गेल्या. या गाडीची परंपरा म्हणजे सतत नवं होणं.

म्हणून आजचं छायाचित्र मोलाचं आहे. १ जून २०३० ला राणी शंभर वर्षांची होईल. त्या दिवशी कुणीतरी विचारेल, शंभरीकडे येताना ती कशी दिसायची, कपलर कोणता होता, इंजिनाचा क्रमांक काय होता? त्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या मोबाइलमध्ये असू शकतं, पण त्यासाठी चित्राबरोबर चार गोष्टी टिपायला हव्यात: तारीख, वेळ, जागा आणि एका तरी डब्याचा क्रमांक. राणीपुरतं थांबू नका. १९७८ पासून धावणारी पुणे–लोणावळा लोकल, कासारवाडीला रुळांच्या जवळून जाणारी मेट्रो, रोज इतकी दिसतात की त्यांचे फोटो कुणी काढत नाही. पन्नास वर्षांनी सर्वांत जास्त शोध त्यांच्याच चित्रांचा होईल. तेव्हा येत्या मे महिन्यात, ऊन ईशान्येला असताना, पुलावर या. साडेचौदा सेकंद भरपूर आहेत!